कोंबडी गायब, पीस नाही, रक्त नाही

वाचकांचे प्रश्न : घर, गोठा, खुराडं

मागच्या अंकात उंदरांवर लिहिताना जाता जाता एक ओळ टाकली होती की उंदीर आले की मागोमाग साप येतोच, आणि आमच्याकडे तर अजगर आला होता. बस. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲपवर इतके फोटो आले की उंदीर राहिले बाजूला. बहुतेक पत्रं कोकण आणि गोव्यातली, एक तर चक्क फ्लोरिडातून. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत. मी काही डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ नाही, गावठी कोंबड्या पाळतो आणि गावातल्या सर्पमित्रांबरोबर बरीच वर्षं पिशवी धरायला जातो, तेवढ्या जोरावर सांगतोय.

प्रश्न : दोन महिन्यांत माझ्या पाच कोंबड्या गेल्या. सकाळी मोजते तर एक कमी. रक्त नाही, फरफटल्याची खूण नाही. शेजारीण म्हणते चोर. परवा गड्याने खुराड्यामागे लाकडांच्या ढिगात मोठा अजगर बघितला, लोक जमेपर्यंत गेला. आता तोच असेल का, आणि आला तर काय करू?
(एक ताई, ता. संगमेश्वर)

उत्तर : ताई, शेजारणीला सांगा चोराचं नाव घेऊ नकोस, बहुतेक तोच आहे. कोण आलं ते मागे काय राहिलं त्यावरून ओळखता येतं. मुंगूस आलं की मान फोडलेली कोंबडी तिथेच पडलेली असते, आणि एकावर थांबत नाही, दोनतीन मारून ठेवतं. रानमांजर किंवा कांडेचोर ओढून नेतो, मग कुंपणापर्यंत पिसांची रांग. घूस अंडी आणि लहान पिल्लं पळवते. अजगर मात्र आहे त्या जागी विळखा घालतो आणि अख्खी कोंबडी डोक्याकडून गिळतो, पंख पाय चोच सगळं, त्यामुळे मागे फार तर चारदोन पिसं. आणि रोज येत नाही, एक मोठी कोंबडी खाल्ली की कित्येक दिवस निवांत. म्हणून तुमचा हिशोब महिन्याला दोनतीन असा लागतोय.

आमच्याकडे कसं झालं ते सांगतो म्हणजे उपाय आपोआप कळेल. तीन वर्षांपूर्वीचा श्रावण, पहाटे पाचच्या सुमारास आईने उठवलं, म्हणाली कोंबडा वेगळाच ओरडतोय बघ. आरवत नव्हता, तो धोक्याचा कॉक-कॉक आवाज असतो ना तसा, थांबून थांबून. बॅटरी घेऊन गेलो. चौदा कोंबड्या वरच्या पट्टीवर एकमेकींना चिकटून, एकही हलत नाही, आणि खाली जिथे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती तिथे अजगर. नऊ फुटांच्या आसपास असेल. पोटात दोन गाठी स्पष्ट दिसत होत्या आणि जबड्याला एक तांबडं पीस चिकटलेलं. दाराच्या खालच्या फटीतून आला होता, दार रोज घासून घासून जांभ्याच्या उंबऱ्यावर चार बोटांची फट पडलेली, मी रोज बघायचो आणि रोज उद्या करू म्हणायचो. आत आला उपाशी, खाल्ल्यावर त्याच फटीतून बाहेर जाईना. म्हणून सापडला, नाहीतर मी पण चोरच म्हणालो असतो.

चूक मी पुढे केली. बॅटरी तोंडावर धरून उभा राहिलो, शेजारचे दोघे काठी घेऊन आले, एकाने शेपटीला टोचलं. झालं, त्याने एकेक करून दोन्ही कोंबड्या ओकल्या. भरल्या पोटाने पळता येत नाही, त्यामुळे धोका वाटला की ओझं टाकतोच. ओल्या, लांबोळ्या झालेल्या, पण अख्ख्याच्या अख्ख्या, आईने बघितलं आणि एवढंच म्हणाली, ही तर माझी तलंग, पुढच्या आठवड्यात अंड्यावर आली असती. म्हणजे आमच्या कोंबड्या गेल्या त्या गेल्याच आणि त्याचंही जेवण फुकट. वनरक्षक आले, पिशवीत घेतला, वजन केलं, वहीत नोंद केली आणि गावाच्याच वरच्या जंगलात सोडला. मी म्हटलं अजून लांब सोडा की, तर म्हणाले लांब सोडला तर त्याला बीळ माहीत नाही, पाणी माहीत नाही, भटकत राहतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरतो किंवा रस्त्यावर मरतो. आणि हा नेला तरी फट तशीच असेल तर दुसरा येणार. मला तेव्हा राग आला होता पण बरोबर होतं ते.

तर ताई, अजगराच्या मागे लागू नका, खुराड्याच्या मागे लागा. सापाला खांदे नाहीत की कंबरडं नाही, डोकं शिरलं की मागचं अंग येतंच, त्यामुळे तुमची मूठ जाते ती प्रत्येक फट त्याच्यासाठी दार आहे. बाजारातली षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबड्या आत ठेवायला ठीक, साप बाहेर ठेवायला नाही, लहान अजगर तिच्यातून सरळ जातो आणि मोठा अंगाने रेटून ती उसवतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा, खालून फूटभर जमिनीत गाडा किंवा चिऱ्याच्या पायात पक्की करा. दाराखाली पत्र्याची पट्टी. वर पत्रा आणि भिंत यांच्यामधली जागा लोक विसरतात, अजगर झाडावर उत्तम चढतो, खुराड्यावर टेकलेली आंब्याची फांदी असेल तर तोडा. नायलॉनची मासेमारीची जुनी जाळी मात्र गुंडाळू नका, त्यात साप अडकतो, खवल्यांत दोरा रुततो, आणि मग जखमी साप सोडवायचं काम तुमच्याच गळ्यात. लाकडांचा ढीग, पेंढ्याची उडवी, फुटकी कौलं हे सगळं खुराड्यापासून लांब. सांडलेला भरडा रोज झाडून घ्या, त्याला उंदीर येतात. खुडूक कोंबडी रात्री जमिनीवर ठेवू नका, तिला अंधारात दिसत नाही आणि ती अंडी सोडत नाही, अजगराच्या ओठांवर तर गरम अंग अंधारात जाणवणारे खळगे असतात, त्याला ती शेगडीसारखीच जाणवत असणार.

फिनेल, रॉकेल, गंधक, डांबराच्या गोळ्या, लसूण, यातलं काहीही चालत नाही. फिनेलचा वास कोंबड्यांच्याच डोळ्यानाकाला त्रास देतो.

आणि परत दिसला तर चार हात लांब राहून कुठे जातो एवढं बघा, पोरं कुत्री आत घ्या आणि महाराष्ट्रात असाल तर वन विभागाच्या १९२६ वर फोन करा, टोल फ्री आहे. तोपर्यंत टोचाटोची नाही, व्हिडिओसाठी बॅटऱ्या नाहीत.

प्रश्न : विहिरीजवळ अजगराचं पिल्लू सापडलं, फोटो पाठवतोय. भाच्याला सापांची आवड आहे, तो म्हणतो बिनविषारी आहे, बरणीत ठेवून दोन दिवसांनी सोडू. चालेल का?
(एक वाचक, सत्तरी, गोवा)

उत्तर : फोटो बघितल्याबरोबर तुम्हाला फोन लावला होता, लागला नाही, मेसेज वाचला असेल अशी आशा. ते अजगराचं पिल्लू नाही. ती घोणस आहे. भाच्याला आधी लांब करा, बाकीचं नंतर वाचा.

ही गल्लत फार होते आणि आमच्या भागात लोकांचे हात यातच गेलेत. दोघंही जाडसर, दोघंही तपकिरी, दोघांच्या अंगावर नक्षी. पण नीट बघितलं, म्हणजे लांबून नीट बघितलं, तर घोणशीच्या अंगावर बदामाच्या आकाराचे ठिपके ओळीने असतात, साखळी ओवल्यासारखे, मधली एक ओळ आणि दोन्ही बाजूंना एकेक, प्रत्येकाला काळी किनार. अजगराच्या अंगावर वेडेवाकडे मोठे डाग, जुन्या नकाशात शेतांचे तुकडे काढलेले असतात ना तसे, एकसारखे दोन सापडत नाहीत. घोणशीचे खवले खरखरीत, अजगराचे गुळगुळीत, उन्हात चकाकतात. घोणस चिडली की कुकरच्या शिट्टीसारखी फुस्स करते, लांबवर ऐकू जातं, पण आवाजावर विसंबू नका कारण अजगरही फुसफुसतो.

अजून एक हिशोब लक्षात ठेवा, मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो. अजगराचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हाच दीड ते दोन फुटांचं असतं. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि ती वीतभर किंवा जरा जास्त असतात. तुमच्या फोटोत शेजारी पडलेल्या विडीच्या बंडलावरून माप घेतलं तर साप फुटापेक्षाही लहान आहे. इतका लहान अजगर नसतोच. उलटं मात्र करू नका, मोठा आहे म्हणून अजगर असं नाही, घोणस चार फुटांची सहज होते. आणि घोणशीच्या पिल्लाला पहिल्या दिवसापासून विष असतं.

समजा चावलीच तर दोरी बांधायची नाही, ब्लेड लावायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. अंगठी, कडं, घड्याळ काढा, हातपाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना. घोणशीचं विष रक्त गोठणं बंद पाडतं, म्हणून डॉक्टर कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं ठेवून बघतात, गोठलं नाही तर प्रतिविष सुरू. किडनीवर पण जातं, म्हणून बरं वाटतंय म्हणून घरी यायचं नाही.

खरंच अजगर चावला तर तो बिनविषारी, पण दात आत वळलेले, हात मागे खेचला तर चिंध्या होतात. दम धरा, बहुतेक वेळा तो स्वतःच सोडतो. विळखा घातला असेल तर शेपटीकडून उलगडत या. जखम साबणाच्या पाण्याने भरपूर धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. कुठला साप होता याची खात्री नसेल तर विषारीच समजून जा.

आणि बरणी नाही म्हणजे नाही, खरा अजगर असता तरी घरात ठेवणं हा गुन्हाच.

प्रश्न : आमचं बाळ दीड वर्षाचं आहे, परसात खेळतं. सासरे सांगतात अजगर लांबूनच श्वासाने ओढून घेतो, त्यांच्या लहानपणी म्हणे वासरू ओढलं होतं. इंडोनेशियात माणूस गिळल्याचा व्हिडिओही आला होता. झोप लागत नाही.
(एक आई, ता. कुडाळ)

उत्तर : श्वासाने ओढणं हे आमच्या आजीकडूनही ऐकलंय, आणि भागवतातला अघासुर तर सगळ्यांना माहीत आहे, गोप मुलं गुहा समजून तोंडात चालत गेली. पण अजगर फुंकर मारून किंवा श्वास ओढून काही खेचू शकत नाही. तो वाट बघत पडून राहतो आणि तोंडाच्या टप्प्यात आलं की झडप घालतो, बस. नाव मात्र अगदी बरोबर पडलंय, अज म्हणजे बोकड आणि गर म्हणजे गिळणारा, करडू गिळतो हे खरं आहे. वासराचं सासऱ्यांवर सोडतो.

इंडोनेशियाच्या बातम्या खऱ्या आहेत, २०१७ मध्ये सुलावेसी बेटावर एक माणूस आणि २०१८ मध्ये मुना बेटावर भाजीच्या मळ्यात गेलेली एक बाई. पण तो जाळीदार अजगर, जगातला सगळ्यात लांब साप, आणि भारतात तो निकोबारात आहे, कुडाळात नाही. आपला अजगर साधारण आठदहा फूट, क्वचित त्याहून मोठा. त्याने मोठ्या माणसाला गिळल्याची खात्रीची नोंद माझ्या वाचनात नाही.

पण दीड वर्षाचं बाळ म्हणजे मोठा माणूस नाही, म्हणून मी तुम्हाला हसून उडवून लावणार नाही. दिवेलागणीनंतर बाळ परसात एकटं नको, उन्हाळ्यात उघड्या पडवीत जमिनीवर झोपवू नका, खाट आणि खोचलेली मच्छरदाणी. खरं सांगायचं तर मच्छरदाणी अजगरासाठी कमी आणि मण्यारसाठी जास्त लागते, रात्री अंथरुणात शिरून चावते ती मण्यार. भीती धरायचीच तर तिची धरा.

प्रश्न : वडिलांच्या गुडघेदुखीला एकाने अजगराची चरबी सुचवली आहे, अस्सल मिळते म्हणतो. गुण येतो का?
(नाव नको, रायगड जिल्हा)

उत्तर : नाही. मालिशने बरं वाटतं ते चोळण्याने, खोबरेल घेतलंत तरी तेवढंच वाटेल. अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत, म्हणजे त्याची चरबी विकत घेताना सापडलात तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं आणि दंड पंचवीस हजारांपासून पुढे. वडिलांना हाडांच्या डॉक्टरकडे न्या. नाव नको लिहिलंत ते बरं केलंत.

प्रश्न : काजूच्या बागेत मे महिन्यात जेसीबी लावला होता. बांध उकरताना आत अजगरीण वेटोळं घालून बसलेली आणि खाली वीसेक अंडी. ड्रायव्हर पळाला. आम्ही अंडी टोपलीत भरून सावलीत ठेवली, अजगरीण निघून गेली. एकही फुटलं नाही. आमचं काय चुकलं?
(एक बागायतदार, ता. देवगड)

उत्तर : ड्रायव्हर पळाला ते सोडून बाकी सगळं चुकलं, पण मुद्दाम नाही केलंत, म्हणून कळवळून लिहितोय. अजगर थंडीत जोडी जमवतो, मादी उन्हाळ्यात अंडी घालते आणि पाऊस पडता पडता, जून-जुलैत पिल्लं बाहेर येतात. मधले दोनेक महिने ती अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, खायला सहसा जात नाही. थंड रक्ताचा प्राणी, पण गारवा वाढला की ती अंग आक्रसून आक्रसून थरथरते आणि त्या थरथरीने अंड्यांना ऊब देते. आमच्या खुडूक कोंबडीचं आणि तिचं काम एकच हो, एक दुसरीला खाते एवढाच फरक.

अंडी पांढरी, मऊ सालीची, एकमेकांना चिकटलेली असतात. कोंबडीची अंडी आपण फिरवतो, ही फिरवायची नसतात. काही दिवसांत आतला जीव सालीच्या वरच्या बाजूला चिकटतो, अंडं उलटं झालं की तो मरू शकतो. टोपलीत भरताना तेच झालं असणार, वर आईची ऊब गेली.

पुढच्या वेळी मशीन बंद, तेवढा तुकडा दोरी बांधून सोडून द्या आणि वन खात्याला कळवा. मादी लगेच बाहेर आली नसेल आणि गर्दी हटली तर ती बसून राहते. हलवायचीच वेळ आली तर ते हलवतील, वरची बाजू पेनने खूण करून, जशी होती तशी. बांधाचं काम पाऊस सुरू झाल्यावर होणार नाही, मजुरांचा खोळंबा होईल, मला कळतं, मीही बांध घालतो. पण बागेत उंदीर-घुशी किती आहेत ते आठवा, फुकट राखण करणारं कुटुंब होतं ते.

प्रश्न : आम्ही फ्लोरिडात राहतो. इथे अजगर मारायच्या स्पर्धा होतात, बक्षिसं देतात, आणि तिकडे गावी हात लावला तर तुरुंग. साप एकच ना?
(एक वाचक, मायामीजवळ)

उत्तर : भाऊबंद आहेत, एक नाही. तुमच्याकडचा बर्मी अजगर, आपल्याकडे तो ईशान्य भारताकडे आढळतो. हौसेने पाळायला नेलेले साप सुटले, लोकांनी सोडलेही, आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत मोठ्या झालेल्या अजगराला खाणारं फारसं कोणी नव्हतं. २०१२ च्या एका अभ्यासात तिथले रॅकून ९९ टक्क्यांनी कमी दिसले होते, २०२३ मध्ये १९ फुटांचा एक पकडला. तिथे तो घुसखोर आहे म्हणून मारतात, त्याच्या स्वतःच्या घरी आशियात तोच बिचारा कमी होत चाललाय. परसात कोंबड्या असतील तर वेल्डमेश मात्र तुम्हालाही लागू.

प्रश्न : राखणीला कुत्रा पाळला तर अजगर येणार नाही ना?
(एक वाचक, ता. चिपळूण)

उत्तर : कुत्रा मांजर हे अजगराच्या खाण्यातच आहे, लहान कुत्रं तर रात्री खुराड्याशेजारी बांधूच नका, साखळीमुळे त्याला पळताही येत नाही. मोठा कुत्रा भुंकून जाग आणेल कदाचित. आमच्याकडे होता एक, धिप्पाड, मी वर सांगितलं त्या रात्री खुराड्यापासून वीस पावलांवर पडवीत पोत्यावर झोपलेला होता, ढिम्म हलला नाही, आणि सकाळी अजगर पिशवीत बांधून झाल्यावर त्या पिशवीवर अर्धा तास भुंकत होता.